थोरलीची जागा

१

डोंगरात पहिल्या मुक्कामाला पाहुण्यांचं बारसं करायचं, ही गाईड इथुंगूची जुनी खोड होती. चहा झाला, ओले गमबूट शेगडीभोवती उलटे लावून झाले, की ती मांडी घालून बसायची आणि एकेकाला विचारायची, घरात तू कितवा? तिच्या डोंगरातल्या बाकोंझो लोकांत नाव शोधत बसावं लागत नाही. पहिला मुलगा बालुकू, दुसरा ब्वांबाले, तिसरा मसेरेका, चौथा कुले. पहिली मुलगी मासिका, दुसरी बीरा, आणि असं करत करत पाचवी इथुंगू. नाव आधीच मांडलेलं असतं, पोराने फक्त येऊन त्यात बसायचं. एखादं पोर गेलं तरी त्याची जागा मोडत नाही. पुढचं पुढच्याच नावाने येतं. इथुंगूने आपल्या दोन थोरल्या बहिणींची तोंडंही पाहिली नव्हती, पण म्हणून तिला कोणी तिसरी म्हटलं नव्हतं.

त्या खेपेला पाहुणे तिघंच होते. एक सेकांदी, कंपालाच्या बँकेतला गोल चेहऱ्याचा माणूस, ज्याला डोंगर चढण्यापेक्षा डोंगर चढल्याचं सांगण्यात जास्त रस होता. बाकी दोघं नॉर्वेचे, बाप आणि लेक. बाप हाल्वोर, सत्तरीचा, उंच, पडत्या आवाजाचा. लेक मारित, चाळिशीच्या अलीकडची, अंगात लाल जाकीट, आणि जिभेला धार अशी की मसेरेका आचाऱ्याने पहिल्याच संध्याकाळी आपली सुरी तिच्याकडून पाजवून घ्यायची भाषा केली. पाहुण्यांना कळणार नाही अशा बेताने, अर्थात.

"तुम्ही लोक काय हजेरी घ्यायला पोरं जन्माला घालता?" सेकांदीने विचारलं, आणि सगळे हसले. तो घरात सातवा निघाला. हाल्वोर पहिला, म्हणून बालुकू. मग इथुंगू मारितकडे वळली.

"पहिली आणि शेवटची," मारित म्हणाली. "एकटीच."

"म्हणजे मासिका," इथुंगू म्हणाली. "थोरलीचा मान तुझा."

हाल्वोरने तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि पेल्यातला चहा ढवळत बसला. चहात ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं. इथुंगूने ते पाहिलं आणि हसण्याच्या भरात सोडून दिलं. मारितला नाव आवडलं होतं. फुकटचा मान कोणाला आवडत नाही?

२

रुवेन्झोरीच्या डोंगरात धुकं येत नाही. ते असतंच, मधूनमधून जातं एवढंच. बांबूचं रान संपलं आणि दलदल सुरू झाली, तेव्हा पुढचा माणूसही दिसेनासा झाला. गवताच्या गड्ड्यांवरून उड्या मारत जायचं, चुकलं की मांडीपर्यंत चिखल. अशा वेळी इथुंगू सगळ्यांच्या मागे राहायची आणि थोड्या थोड्या वेळाने नावं पुकारायची. ज्याचं नाव त्याने "आहे" म्हणायचं. त्यात मनाला बरं वाटण्याचा भाग जास्त होता. पण ही खेप तिच्यासाठी साधी नव्हती. आजवर ती ओझी वाहत होती, मग दुय्यम गाईड झाली, आणि आता पहिल्यांदाच सगळी टोळी तिच्या हाती आली होती. टोळ्या पाठवणाऱ्या मालकाने स्वच्छ सांगितलं होतं की सगळी वर ने, सगळी खाली आण, मग कायमची मुख्य. एक जरी कमी आला तर पुन्हा कपाळाला पट्टा लावून ओझं. त्या कामात बाईला दुसरी संधी कोणी देत नाही.

"बालुकू!"

"आहे," हाल्वोर पुढून म्हणाला.

सेकांदीने धापा टाकत काहीतरी म्हटलं, ते "आहे"च असावं.

"मासिका!"

"आहे."

इथुंगूने पाऊल उचललं होतं, ते तसंच राहिलं. आवाज मागून आला होता. तिच्या मागे कोणी असायचं कारण नव्हतं. ओझीवाले केव्हाच पुढे गेले होते, आणि ती शेवटची होती. बायकी आवाज, शांत, जवळचा. शाळेत हुशार पोरगी हजेरीला देते तसा.

कातळाला आपटून आवाज फिरतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ओढ्यापाशी उभं राहून तिने स्वतःच्या नावाच्या हाका कातळाकडून परत घेतल्या होत्या. पण कातळ तुमचंच तुम्हाला परत देतो. मासिका म्हटलं तर मासिका. हा "आहे" म्हणाला होता. मग तो मारितचाच असणार, पुढून निघून कातळावरून फिरून मागून आलेला. असं होऊ शकतं. तिने स्वतःला हे दोनदा समजावलं आणि मागे वळून न पाहता गड्ड्यावर पाय टाकला.

३

दुसऱ्या मुक्कामाला एका झुकलेल्या कड्याखाली तंबू पडले. जमीन कोरडी होती एवढंच तिचं कौतुक. मसेरेकाने कसाव्याच्या पिठाचा घट्ट बुंडू घोटला, घेवड्यात सुकी मासळी टाकली. सेकांदीला डोकेदुखी सुरू झाली होती आणि तो मरणाच्या गोष्टी करत होता.

आदल्या दिवसभर मारित बापाला फाडून खात होती. तिला रागवायला कारण लागत नव्हतं. त्याच्या पाठपिशवीची पट्टी सुटली तरी ती बोलायची, त्याने पट्टी बांधायला वेळ लावला तरी बोलायची. आई वारली आणि हे लोढणं आपल्या गळ्यात पडलं, घरी एकटं ठेवलं तर गॅस चालू ठेवून झोपेल, म्हणून बरोबर आणलं, असं तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं. हाल्वोर ऐकत होता. अशा बापांना ऐकायची सवय झालेली असते. त्यांच्याकडे पाहून दया येते आणि थोडा रागही येतो.

इथुंगूला वेगळंच काहीतरी खुपत होतं. दुपारी एक बुळबुळीत ओंडका ओलांडायचा होता. मारित कोणाची वाट न पाहता तो पार करून गेली. हाल्वोर ओलांडून झाल्यावर वळला, वाकला आणि मागच्या माणसासाठी हात पुढे केला. मागचं माणूस म्हणजे इथुंगू. ती अजून बरीच लांब होती. त्याने हात धरून ठेवला, मग हळूच, जपून मागे घेतला, जसा धरलेल्या हातासकट घेतात. मग तो पुढे चालू लागला.

म्हातारा माणूस, उंचीवरची विरळ हवा. या हवेत माणसं काय काय करतात, ते इथुंगूने पाहिलेलं होतं. एकाने पूर्वी स्वतःच्या बुटांना पत्ता विचारला होता.

तिने मारितजवळ बसून तिला खूश करायचं ठरवलं. गाईडला तेही करावं लागतं. दिवसभर धुक्यात एक तूच नीट उत्तर देत होतीस, ती म्हणाली, पहिल्या हाकेला, स्वच्छ आवाजात. बाकीच्यांनी शिकावं.

मारितने घशाला हात लावला. तिचा आवाज घोगरा, फाटका निघाला. "मी? माझा घसा सकाळपासून बसलाय. बापावर ओरडायला लागेल म्हणून जपून ठेवलाय. मी एकदाही उत्तर दिलेलं नाही."

इथुंगू हसली. हसण्यावाचून दुसरं काय करणार? अंगावरचे केस मात्र उभे राहिले होते आणि ते बसायला तयार नव्हते.

४

बर्फाच्या कडेचा मुक्काम म्हणजे नुसता दगडांचा पसारा. इथुंगूची आई सांगायची की तिच्या लहानपणी बर्फ इथपर्यंत होता. आता तो वर सरकलाय, आणि जिथून उठला तिथली जमीन जखमेवरची खपली काढल्यासारखी दिसते. सेकांदीने इथे हात टेकले. त्याच्यासाठी कुलेला, म्हणजे दुय्यम गाईडला, तंबूपाशी ठेवायचं ठरलं.

उजेड असतानाच इथुंगूने हाल्वोरला पाण्याच्या निमित्ताने बाजूला घेतलं.

"बाबा, एक विचारू? मारितच्या आधी कोणी होतं का?"

तो नकार देईल असं तिला वाटलं होतं. त्याने उलट सुटल्यासारखा श्वास सोडला.

"होती," तो म्हणाला. "थोडे दिवस होती. तिची आई म्हणाली, हिला मोजायचं नाही. म्हणून आम्ही मोजली नाही." आणि मग, थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, "ती इथे फार छान चालते. कुरकुर नाही, काही नाही."

चूक तिचीच होती, आणि ती चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. नाव देणाऱ्याने आधी गेलेल्यांची चौकशी करायची असते. गावातली कोणतीही म्हातारी पहिला तोच प्रश्न विचारते. पाहुण्यांसमोर तो विचारणं अशुभ वाटतं, हसण्याचा विरस होतो, म्हणून इथुंगूने तो कधीच गाळून टाकला होता. आता एकीच्या जागेवर दुसरी बसली होती. घरात असं झालं असतं तर काय करतात, तेवढं तिला माहीत होतं. चारचौघांत, जेवणाआधी, नाव ज्याचं त्याला परत द्यायचं.

तिला मनापासून वाटलं की याने सगळं सुरळीत होईल. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीच माणसाला जास्त महागात पडतात.

५

"मासिका थोरली," इथुंगू म्हणाली. "ती आधी येऊन गेली. तू बीरा. माझं चुकलं, मी ते दुरुस्त करते."

मारित आधी बापाकडे पाहत राहिली. मग तिने विचारलं आणि त्याने सांगितलं, खाली मान घालून, दोन वाक्यांत. एवढी वर्षं लपवलेली गोष्ट दोन वाक्यांत मावते हेच मुळी वाईट. मारित रडेल, निदान गप्प होईल, असं सगळ्यांना वाटलं. ती हसली.

"सुटली बिचारी," ती म्हणाली. "नाहीतर दोघींच्या वाट्याला तूच आला असतास, पापा."

शेगडीवरचं पाणी उकळत होतं तेवढाच आवाज. मसेरेकाला शांतता सहन होत नसे. त्याने पहिलं ताट भरलं आणि म्हणाला, "मग रिवाजाप्रमाणे थोरलीला आधी वाढू का?" आणि विनोद म्हणून ते हाल्वोरच्या शेजारी, रिकाम्या दगडापुढे ठेवलं. कोणी हसलं नाही. हाल्वोरने ते ताट हळूच वाऱ्याच्या आड, आपल्या अंगाशी सरकवून घेतलं.

मारितने ते पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर लहान पोरीसारखा झाला, घरात पाळणा आल्यावर होतो तसा. मग ती आपलं ताट न घेताच तंबूत गेली.

सकाळी थोरलीचं ताट रिकामं होतं. डोंगरात ताट रिकामं व्हायला हवी तेवढी कारणं असतात, इथुंगूने मनाशी म्हटलं. रानातले प्राणी असतात, भुकेले ओझीवाले असतात. तिने ताट उचलून स्वतःच घासलं, म्हणजे कोणी काही विचारू नये.

६

बर्फावर तिघंच गेले. बुटांखाली लोखंडी दात, हातात बर्फाची कुऱ्हाड, कमरेला पट्टे, तिघांत एक दोर. जाताना सगळं छान झालं. धुकं खाली राहिलं, ऊन पडलं, हाल्वोरने सरळ, न थांबता चढण काढली. मारितची दमछाक झाली आणि बाप पुढे उभा राहून तिची वाट पाहतोय, हे तिला सोसवलं नाही. "कोणासाठी एवढं तरुण होतोयस?" ती म्हणाली. चढून गेल्यावर त्याने खिशातून खारका काढल्या, एक मारितला दिली, एक स्वतः खाल्ली, आणि एक तळहातावर घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला.

उतरताना हाल्वोर पुढे, मारित मध्ये, इथुंगू मागे. उतरणीला सगळ्यात वरचा माणूस धरणारा असतो, म्हणून गाईड शेवटी. धुकं वर आलं. ते दुधासारखं पांढरं झालं, बर्फ आणि हवा एक झाली, आणि इथुंगूला मारितच्या लाल जाकिटाखेरीज काही दिसेना. नावं पुकारायची तिची हिंमत नव्हती. मासिका म्हटलं तर कोण बोलेल, आणि बीरा म्हटलं तर मारित बोलेल का, हे तिला कळत नव्हतं.

पुढे हाल्वोर कोणाशी तरी बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण लहान मुलांशी बोलतात तो सूर कोणत्याही भाषेत कळतो. मध्ये थांबायचा, उत्तर ऐकायला जेवढं थांबतात तेवढाच, आणि पुन्हा बोलायचा.

मग मारित थांबली. तिने दोर ओढला, आणि तो येत गेला, येत गेला, आणि टोक तिच्या हातात आलं. गाठ नीट सोडलेली होती.

"पापा?" ती फाटक्या घशाने ओरडली. "पापा, मूर्खपणा करू नकोस. कुठे आहेस?"

थांब, हलू नकोस, असं इथुंगू म्हणाली. तोवर मारित चार पावलं धावली होती. बर्फ मोडल्याचा आवाज फारसा मोठा नसतो. घोंगडं झटकल्यासारखा तो झाला आणि लाल जाकीट दिसेनासं झालं.

७

दोराने इथुंगूला तोंडावर आपटलं आणि फरफटत नेलं. कुऱ्हाड बर्फात रुतली तेव्हा ती थांबली. खांदा उखडल्यासारखा झाला होता. दुसऱ्या टोकाला अख्खं माणूस लोंबकळत होतं, आणि वजन हे वजन असतं, त्यात शंकेला जागा नसते.

खालून हुंदका आला. म्हणजे जिवंत होती. तिला वर काढायला दोन माणसं लागतात. एकाने धरायचं, एकाने ओढायचं. म्हाताऱ्यात तेवढं बळ होतं, तिने सकाळीच पाहिलं होतं.

"बाबा!" इथुंगू ओरडली. "इकडे या! तुमची मुलगी भेगेत पडली आहे!"

धुकं फाटलं. फार नाही, दाराची फट उघडावी तेवढं. भेगेच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, हाल्वोर उभा होता. त्याच्या हातात कोणाचा तरी हात होता. लाल जाकीट होतं. इथुंगूने आधी जाकीट पाहिलं आणि क्षणभर तिला सुटल्यासारखं झालं, की वाचली, वर आली. मग दोर पुन्हा हातात करकचला. त्या बाईचं तोंड हाल्वोरकडे होतं. तिने पायांत काहीच घातलेलं नव्हतं. तिने मान वळवायला सुरुवात केली आणि इथुंगूने डोळे मिटून घेतले.

"माझी मुलगी माझ्याजवळ आहे," हाल्वोर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. इतका सुखी आवाज इथुंगूने त्याच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता.

"बाबा, ही इथे लटकते आहे. ही मारित आहे!"

"ती सांभाळेल स्वतःला. ती नेहमी तेच म्हणते."

डोळे उघडले तेव्हा सगळं पुन्हा पांढरं झालं होतं. बर्फावर दोघांची पावलं वाजत खाली गेली. एकाच्या बुटांचे दात करकरत होते. दुसऱ्याचे नव्हते.

खालून मारितने विचारलं, "पापा आले का?"

इथुंगूला खोटं बोलायला जमलं नाही आणि खरं सांगायलाही जमलं नाही. येतायत, असं ती शेवटी म्हणाली. तिने दोर कुऱ्हाडीला बांधला, वर दगडासारखा कडक बर्फ शोधून त्यात लोखंडी खिळा पिळला, पोटावर सरपटत भेगेच्या तोंडाशी गेली. आत निळं होतं, आणि त्या निळ्याखाली काळं. तिने पुन्हा पुन्हा एकटीने ओढून पाहिलं. दोर तसूभर यायचा आणि तसूभर परत जायचा. हातमोजे फाटले.

"बीरा," ती म्हणाली, कारण ते नाव तिनेच दिलं होतं आणि आता तेच तिच्या जिभेवर आलं. "बीरा, बोलत राहा."

"आहे," खालून उत्तर आलं. "आहे. मला फार थंडी वाजते. त्याला सांग, मी काल जे बोलले ते..." आणि पुढचं घशातच राहिलं.

मग दोर हलका झाला.

८

मसेरेका आणि कुले आले तेव्हा धुकं उतरलं होतं आणि संध्याकाळचं पिवळं ऊन बर्फावर पडलं होतं. इथुंगू भेगेशी बसली होती. दोर वर ओढून तिने मांडीवर घेतला होता. तुटलेला नव्हता. मधल्या फाशाला लोखंडी कडी तशीच होती, आणि कडीचा आटा हाताने फिरवून उघडलेला होता. तो आपोआप उघडत नाही. त्यासाठीच असतो तो.

मसेरेका आल्या आल्या तोंड सोडून बोलला. गाईड म्हणे! पाहुणे खाली येऊन आल्याचा चहा पितायत आणि बाईसाहेब इथे ऊन खात बसल्यात. म्हाताऱ्याने सांगितलं की गाईडच वाटेत मागे राहिली, तिला काहीतरी होतंय, ओरडत होती.

"पाहुणे किती आले?" इथुंगूने विचारलं.

"किती म्हणजे? म्हातारा आणि त्याची लेक. आणखी कोण असणार?"

"मारित?"

"मग कोण? तिचेच दोन्ही बूट भेगेत गेले म्हणे, अनवाणी आली. पाय बघवत नाहीत. पण हूं नाही की चूं नाही. बापाला अंगरखा काय घालतेय, चहा काय देतेय. मला म्हणाली, मसेरेका दादा, काल ताट फार छान वाढलंत. डोंगराने सुधारली बघ ती बया."

कुले हुशार पोरगा. त्याने भेगेत वाकून पाहिलं आणि म्हणाला की ही पुढे खालच्या दगडांपर्यंत उघडी असणार. बर्फ आता पातळ झालाय. आत कुठेतरी पायाला आधार लागला असेल, तिने कडी सोडली, आणि आतूनच चालत बाहेर पडली. बूट तिथेच अडकले असतील. नशीबवान बाई.

पटण्यासारखं होतं. इथुंगूने ते चहूबाजूंनी तपासलं, बाजारात कापड तपासतात तसं. एकच जागा विरलेली होती. मारित तिच्या दोरावर लटकत होती, तेव्हा ती पलीकडे उभीही होती. पण तेव्हा धुकं होतं, खांदा उखडला होता, आणि डोळे तिने स्वतःच मिटले होते. उलटही असू शकत होतं. बापाचा हात धरून गेली ती खरी मारित, रात्रीत बदललेली, पश्चात्ताप झालेली. आणि दोरावर जे होतं, जे फाटक्या घशाने बोलत होतं, ते दुसरंच कोणीतरी, जिची जागा मुळी तिथेच, खालीच होती.

"खात्रीच करायची तर एक हाक मारून बघ," मसेरेका म्हणाला. "म्हणजे तुझंही समाधान. कोणाला मारायची ते तूच जाणे."

दोघं तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. एक नाव पुरेसं होतं. तिने बीरा म्हटलं असतं आणि खाली कोणी नसतं, तर ती आज शांत झोपली असती. आणि कोणी असतं तर? तर तिला वर काढावी लागली असती. मग तंबूपाशी दोघी झाल्या असत्या, एकाच जाकिटातल्या, एकाच तोंडाच्या, आणि त्यांतली एक परत खाली सोडायची वेळ आली असती. कोणती, ते इथुंगूला विचारलं असतं. आणि मालकाने विचारलं असतं की तू नक्की किती माणसं वर नेलीस. आत्ता सगळी पुरी होती. नेली तेवढी आली होती.

हे सगळं तिच्या मनात आलं, आणि मालकाचा प्रश्न सगळ्यांत आधी आला, हे तिचं तिला कळलं. तिला स्वतःची किळस आली. पण किळस येऊनही माणूस करायचं तेच करतो.

"कशाला?" ती म्हणाली. "कोणी नाही तिथे."

तिने खिळा पिळून काढला, दोर गुंडाळून खांद्याला अडकवला आणि उठली. कुले पुढे झाला. उतरण सोपी होती, बर्फ संध्याकाळचा घट्ट झाला होता, खाली तंबूपाशी धूर दिसत होता. ते थोडं अंतर गेले असतील नसतील, मसेरेका एकदम थांबला. मागे वळला, कानामागे हात धरला. त्याच्या तोंडावरचा सगळा थट्टेचा रंग उतरला होता.

"इथुंगू," तो हळू आवाजात म्हणाला, "तुला कोणीतरी हाक मारतंय गं."

तिनेही ऐकली होती. फाटक्या घशाची, दमलेली, आणि नाव अगदी स्वच्छ घेतलेलं.

"घराघरात इथुंगू आहे, दादा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला तरी मारत असेल."

मसेरेका तिच्याकडे पाहत राहिला. मग तो चालू लागला, आधी हळू आणि मग भराभर, आणि ती त्याच्या मागून चालत राहिली.